पांढरीवर उगवलेली आई

"आई आज चार बोटं वर आली!" असं कुणी ओरडलं की अख्खं गाव पांढरीकडं पळायचं. पांढरी म्हणजे गावाबाहेरचं जुन्या वस्तीचं टेकाड. तिथं जमिनीतून देवीची मूर्ती रोज थोडी थोडी वर येत होती. आमचा अहमदपूर तालुका नव्या लातूर जिल्ह्यात आला, पण पाऊस काही आला नाही. टँकरचं पाणी घरटी दोन घागरी. त्यातली एक, पांढरीवर येऊन बसलेल्या सिद्धराम महाराजांच्या हुकमानं, देवीवर!

"नव्या जिल्ह्याला नवी आई!" महाराज डोळे मिटून गर्जायचे. "तहानलेली हाय. पुरी वर आली की पाऊस घेऊनच येईल. तिची झोप कुणी मोडली? त्या भीमाशंकरानं!"

भीमाशंकर आमच्या गावचा खापरवेडा. जन्मभर पांढरी उकरून त्यानं फुटकी खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे घरात रचले. लोक त्याला मूर्तिचोर म्हणत. बायको कंटाळून माहेरी गेली, ती गेलीच. मी गावचा मास्तर. आम्हा दोघांचं मात्र जमायचं.

पारूबाईचा नातू जुलाबानं मलूल पडला होता. तरी ती घागर घेऊन निघाली. पांढरीवर भीमाशंकर तिला आडवा आला.

"माय, हे पाणी लेकराला पाज. उकळून, मीठ-साखर घालून."

"अन् आईला न्हाई दिलं तर ती लेकरू ठेवील का, अण्णा?"

"अगं, आईभोवतीची माती भरावाची हाय! एकदा खणलेली माती पुन्हा तशी बसत न्हाई. उकरून दावतो, थांब!"

त्यानं खुरपं टेकवलं मात्र, लोक तुटून पडले. त्याचं डोकं फुटलं. पारूबाईनं घागर आईवरच रिती केली. भर दुपारी त्याच्या घरातली सगळी खापरं रस्त्यावर फेकली. मी ओरडत राहिलो. ऐकतो कोण!

सकाळी डोक्याला फडकं बांधून तो पुन्हा आला. महाराज आंघोळीला गेले होते. मूर्तीभोवती काळ्या-पांढऱ्या मातीची मिसळ, भरावाची खूण, दिसत होती. आम्ही दोघांनी उकरलं. मूर्तीखाली पोतंभर हरभरे, टम्म फुगलेले! लोक वरनं पाणी ओतायचे, खाली हरभरे फुगायचे, मूर्ती वर सरकायची. एवढाच चमत्कार. बोभाटा होऊन गाव जमेपर्यंत महाराज पहिल्या एसटीनं पसार झाले.

मग पारूबाई आली. नातू पहाटेच गेला होता. हरभऱ्यांकडं बघत ती म्हणाली, "अण्णा, काल का न्हाई उकरलंत?"

भीमाशंकर लहान पोरासारखा रडला. ज्यांनी काल त्याला मारलं होतं, ते माना खाली घालून उभे होते.

बाबांनो, कुणी 'उकरून बघू' म्हणालं तर त्याचा हात धरू नका. खाली देव असेल, तर उकरल्यानं तो मरत नाही. पारूबाईचा नातू मेला.