नारिंगीत हरवलेला हिरवा

किनुयोला सकाळपासून स्वतःचाच संताप येत होता. हाकोदातेहून विमानाने ओसाकाला यायचं ते चितोसेला शेवटचं गाताना बघायला, आणि हॉलच्या दाराशी उभं राहून कागद वाटायचे ते रिओनाचे! याला म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

सात पोरींच्या त्या गाणाऱ्या गटातून आज दोघी बाहेर पडत होत्या. पण रिओना निघाली म्हणून बातमीत हा एवढा मोठा फोटो, आणि चितोसेच्या नावाला त्याच बातमीच्या शेपटाशी एक ओळ. प्रत्येकीचा रंग ठरलेला. रिओनाचा नारिंगी, चितोसेचा हिरवा. चाहत्यांच्या हातातल्या दिव्याच्या कांडीचं बटण दाबलं की हवा तो रंग लागतो. निरोपाच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला सगळा हॉल एकाच रंगाचा करायचा, आणि तोही त्या पोरीला कळू न देता, अशी रीत. त्यासाठीच हे कागद होते: ‘शेवटच्या गाण्याला सर्वांनी नारिंगी, ही नम्र विनंती.’

हे सगळं जुळवून आणलं होतं ओरिएने. ती रिओनाची कट्टर चाहती आणि किनुयोची सहा वर्षांची मैत्रीण. दोघींची ओळखही अशाच एका रांगेत झालेली.

‘‘ओरिए, आणि चितोसेचं काय गं?’’ किनुयोने न राहवून विचारलं.

‘‘आता विचारतेस होय? हिरव्यावाल्यांपैकी कुणीतरी पुढे व्हायला नको? मी दोन महिने वाट बघितली हो!’’

खोटं काहीच नव्हतं त्यात. हिरव्यावाले होते मूठभर आणि एकजात भिडस्त. आपल्यापेक्षा जुनं माणूस असताना आपण कसं पुढे व्हायचं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि त्यांच्यातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे किनुयोच, हे तिच्या आत्ता डोक्यात आलं. डोकं आपटावंसं वाटलं तिला.

‘‘अगं, मधल्या गाण्यांना हलव ना हिरवा, कोण नको म्हणतंय?’’ ओरिए समजुतीने म्हणाली. ‘‘फक्त शेवटच्याला घोळ घालू नकोस. एक जरी वेगळा दिवा दिसला ना, तर लोक वर्षभर नावं ठेवतील. मला!’’

मधल्या गाण्यांना किनुयोने हात दुखेपर्यंत हिरवा हलवला. पण तेव्हा हॉलमध्ये सातही रंगांची नुसती खिचडी झालेली. त्यात एक हिरवा कुणाला दिसणार? निदान शेवटी, निरोप घेताना, चितोसेला आपला रंग दिसावा एवढंच तिला हवं होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. ओळीमागून ओळ नारिंगी झाली. रिओना दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. तिच्या डावीकडे चितोसे गात होती, हसत होती आणि मान वळवून सगळा हॉल धुंडाळत होती. किनुयोचा अंगठा बटणावर गेला. एवढ्यात शेजारच्या ओरिएने न बघताच तिचं मनगट धरलं. ‘‘नको ना गं. रिओनाचं गाणं आहे.’’

ते चितोसेचंही होतं, हे ओरडून सांगायला हवं होतं. किनुयो ओरडली नाही. जन्मभर रांगेत नीट उभं राहिलेलं माणूस ऐन वेळी ओरडणार कसं? हे गाणं झालं की चितोसे निरोपाचं चार शब्द बोलेल, तेव्हा हिरवा लावू, अशी तिने मनाची समजूत घातली आणि नारिंगी लावला. गाणं संपलं, दोघींनी वाकून नमस्कार केला आणि कुणी काही बोलायच्या आतच पडदा पडला.

लोक बाहेर पडताना गटातल्या पोरी दाराशी ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीसमोर दोन शब्द बोलायचे की मागे उभा असलेला हॉलचा माणूस खांद्याला हात लावून पुढे सरकवणार. चितोसेने किनुयोला लांबूनच ओळखलं.

‘‘किनुयोसान! थांबला होतात तुम्ही? शेवटच्या गाण्याला मी किती शोधलं तुम्हाला. हिरवा दिसला नाही, तर म्हटलं विमानासाठी लवकर निघाल्या असतील. लांबचा पल्ला तुमचा.’’

मी होते, म्हणायचं तर हातात काय होतं तेही सांगावं लागणार. किनुयोने कांडी पाठीमागे लपवली.

‘‘चला, पुढे चला,’’ खांद्याला हात लागला.

बाहेर ओरिए रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिची वाट बघत होती. ‘‘काय दिसला हॉल! एक दिवा चुकला नाही गं, एकसुद्धा नाही!’’

‘‘एक चुकायला हवा होता,’’ किनुयो म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ओरिएला वाटलं, हीदेखील आनंदानेच रडतेय. तिने आपला नारिंगी रुमाल पुढे केला.