बाकीचे सगळे तोतये

नात्यातली माणसं त्याला पोस्टमास्तर म्हणत. शाळेच्या संगणक कक्षातून निवृत्त झालेला हा गृहस्थ टेबलाखाली एक काळं यंत्र ठेवून अख्ख्या कुटुंबाचं ईमेल स्वतः चालवायचा.

"जग फुकटात पत्रं पाठवतं," धाकटी बहीण चिडवायची, "आणि आमच्या दादाला घरात टपाल खातं हवं. पगार कोण देतं रे?"

"तुझी पत्रं परका कुणी उघडत नाही, हाच पगार."

एकदा यंत्र आठवडाभर बंद पडलं आणि नेमकं तेव्हाच तिच्या नोकरीचं बोलावणं आल्या पावली परत गेलं. तिने एका मोठ्या कंपनीकडे ईमेलची नवी पेटी उघडली. झालं, दादाचं डोकं फिरलं. "जा, परक्याच्या दारात राहा. मला लिहू नकोस." तिनेही नाही लिहिलं. अबोल्याला कुलूप लागतं एका क्षणात, किल्ली मात्र दोघांच्याही हाती असते आणि दोघंही म्हणतात, आधी समोरच्याने उघडावं.

तो लिहिता झाला वर्षाने. 'चिमे, चुकलं माझं,' एवढंच पहिलं पत्र. मग दुसरं, तिसरं. फोन करायला जीभ रेटेना. लिहिताना निदान तोंड लपवता येतं. दहा महिन्यांत नऊ पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. 'शिक्षा आहे, भोगावी,' असं म्हणत तो देवापुढे हात जोडायचा आणि पुन्हा लिहायला बसायचा.

मग एका सकाळी भाचीचा फोन आला. चिमी झोपेतच गेली होती.

पंधरा दिवसांनी भाची आईचा फोन घेऊन आली. समोर बसून हळूच म्हणाली, "मामा, रागावू नका. आई रोज पेटी उघडायची. म्हणायची, दादा हट्टी आहे, पण लिहील. एक ओळ टाकायची होती तुम्ही."

"एक?" त्याने मान वर केली. "नऊ लिहिली गं."

भाचीने शोधलं. स्पॅममध्ये, लॉटरीच्या थापांच्या मधोमध, एकच सापडलं, नववं. तिथला कचरा महिन्याभराने आपोआप पुसला जातो. आठ पत्रं तशीच पुसली गेली होती.

त्याने यंत्र उघडलं. डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरची पत्त्यांची वही. तिच्यात त्यानेच, मोठ्या अभिमानाने, लिहून ठेवलं होतं: माझ्या नावाची पत्रं फक्त या आकड्याच्या यंत्रातून निघतात, बाकीचे सगळे तोतये, त्यांना कचऱ्यात टाका आणि मला कळवा. पुढे अबोल्याच्या वर्षात त्याने घर बदललं, तसा यंत्राचा इंटरनेटवरचा आकडा बदलला. येणाऱ्या पत्रांची ओळ त्याने त्याच दिवशी सुधारली. जाणाऱ्यांची राहून गेली. नातेवाईकांची पत्रं यंत्रातल्या यंत्रात फिरत होती, म्हणून कुणाची तक्रार नाही. बाहेर लिहायचा तो फक्त चिमीला.

आणि कळवलं नव्हतं असंही नाही. अहवालांसाठी त्याने वेगळी पेटी केली होती, ती कधी उघडलीच नव्हती. त्या परक्या कंपनीने नऊही वेळा इमानाने कळवलं होतं: तुमच्या नावाने कुणी तोतया लिहितो आहे, तुमच्या आज्ञेप्रमाणे बाजूला टाकला.

"माझीच आज्ञा," तो म्हणाला. "पाळली बिचाऱ्यांनी."

भाचीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने डोळे पुसले, जुना आकडा खोडून नवा घातला. पाच मिनिटांचं काम. वहीतला बदल जगभर पोचायला तासभर लागतो; तेवढा वेळ दोघांनी वाट पाहिली. मग त्याने पहिलंच पत्र पुन्हा पाठवलं.

टेबलावरचा चिमीचा फोन वाजला.

"आलं, मामा. सगळ्यात वर, आईच्या पत्रांत."

तिचं बोट पुढे झालं, तसा त्याने तिचा हात धरला.

"उघडू नकोस, बाळ. तिचं आहे ते."