भामाचा अळणी नवस

नवस बोलण्याआधी माणसानं थोडा विचार करावा, हे खरं. पण विचार करून नवस बोललेलं माणूस कुणी पाहिलंय का? भामानं तर उभ्या उभ्याच बोलून टाकला. त्या वर्षी शिमग्याच्या आधी तिचा नवरा आनंदा मुदतीच्या तापानं एकवीस दिवस अंथरुणाला खिळला. त्यांच्या नेरे गावाकडे तेव्हा एस.टी. फिरकत नव्हती. बैलगाडीत घालून त्याला पनवेलला नेलं, डॉक्टरांच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण तोंडाची चव पार गेली. पुढ्यात काहीही ठेवा, दोन घास खायचा आणि ताट सारायचा. "माती खाल्ल्यागत लागतं," म्हणायचा. त्याच्या बरगड्या लांबून मोजता यायला लागल्या, तशी भामा गावदेवीपुढं गेली, पदर पसरला आणि म्हणाली, "आई, धनी पोटभर जेवून 'ग्वाड लागलं' म्हनतील, त्या दिसापातूर मी मिठाचा खडा तोंडात घालनार नाय."

बोलून गेली खरी. घरी आल्यावर कळलं की मिठाबरोबर खारी मासळी गेली, पापड गेला, लोणचं तर गेलंच. उरला भात आणि वालाचं अळणी पाणी. त्या दिवसापासून चुलीवर दोन मडकी चढायला लागली, एक त्याचं, एक तिचं. दिवसभर शेतावर राबून यायचं आणि अळणी गिळायचं. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचाच राग आला. पण देवीला दिलेला शब्द, आता मागं कसा घ्यायचा?

आनंदाला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तीन आठवड्यांनी शेजारच्या गुणाबाईनं त्याच्या कानात घातलंच. गुणाबाईच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि भामानं सांगितलं होतं तेही तिलाच. दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदा ताट चाटूनपुसून जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "आज काय ग्वाड लागलं गो! मीठ कसं बेतात पडलंय."

भामानं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, स्वतःचं पान वाढून घेतलं आणि त्याच्या मडक्यातला वाल घ्यायला पळी उचलली. तेवढ्यात तिची नजर चुलीकडे गेली. त्याच्या मडक्यावर काठोकाठ साय धरलेली, पळी बुडालेली नव्हतीच. अर्ध्यावर आलं होतं ते तिचं मडकं. घाईघाईत तिनं नवऱ्याला आपलंच अळणी वाढलं होतं, आणि हा बाबा म्हणत होता मीठ बेतात पडलंय!

हातातली पळी तिनं खाली ठेवली. भरल्या ताटावरून उठली, पण नवऱ्याला काही बोलली नाही. बोलायचं तरी काय? माणूस आपल्यासाठी खोटं बोलला म्हणून भांडायचं? की खोट्या शब्दावर नवस फेडून त्याचा ताप पुन्हा घरात घ्यायचा? रागवावं की गहिवरावं हेच तिला उमजेना. त्यानंतर तो रोज 'ग्वाड लागलं' म्हणायचा, आणि रोज ती "बरं," म्हणून आपलं मडकं पुढं ओढायची. एकदा तो चिडून म्हणाला, "मी सांगतोय ना, मंग खात का नाय?" ती म्हणाली, "सावकाश खाईन." आता नवरा आपल्या नवसाचं ऐकून खोटं बोलतोय हे तिला ठाऊक, आणि बायको का ऐकत नाही हे त्याला ठाऊक नाही. असा सगळा गोंधळ.

त्यात वैशाख आला. बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या उतरल्या. भामाच्या हातच्या लोणच्याची पनवेलच्या शाळामास्तरांच्या पत्नी चंद्रावतीबाई वर्षभर वाट बघायच्या; एक बरणी त्यांची, एक घरची. हळद, मेथी, मोहरी, हिंग हे सगळं हाताला पाठ होतं. मीठ मात्र ती दर वर्षी जिभेनं ठरवायची. करंगळीनं खार चाटायचा आणि मूठ घालायची की थांबायचं ते तिथंच कळायचं. यंदा करंगळी बरणीपर्यंत गेली आणि तशीच परत आली.

नवऱ्याला विचारावं तर त्याची जीभ मेलेली, वर खोटं बोलणारी. तिनं गुणाबाईला बोलावलं. गुणाबाईनं चाटलं, डोळे मिटले, पुन्हा चाटलं. "कमी हाय गो. टिकनार नाय, बुरशी येल."

भामानं आणखी एक मूठ घातली. आठ दिवसांनी पनवेलला जाऊन एक बरणी देऊन आली. पुढच्या खेपेला चंद्रावतीबाई म्हणाल्या, "छानच झालंय भामाबाई, फक्त मीठ जरा जास्त झालंय का हो या वेळी?" भामा घरी येऊन गुणाबाईच्या दारात उभी राहिली. गुणाबाईनं पुन्हा चाटलं आणि शांतपणे म्हणाली, "अजून कमीच हाय." आता ह्यात खरं कोण? देवीनं एक तरी जीभ शिल्लक ठेवायची होती ह्या घरात, असं भामाला वाटलं आणि तिला रडूच आलं. मग तिनं बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि फळीवर ठेवून दिली. मुरू दे. मुरल्यावर काय व्हायचं ते होईल.

महिना गेला. एके सकाळी आनंदानं पेज मागितली आणि तोंडी लावायला लोणच्याची फोड. भामानं वाढली आणि चुलीतली लाकडं सारायला वळली. मागून थुंकल्याचा आवाज आला.

"हे लोनचं हाय का मिठागर? तुजा हात हाय की फावडा?"

भामा तशीच बसली. चार महिन्यांत त्यानं चवीला असं नाव ठेवलं नव्हतं.

"काय म्हनलात?"

"खारट झालंय म्हनतो! कानात कापूस घातलास काय? जीभ भाजली माझी."

ती उठली, दोन वाट्यांत दोन्ही मडक्यांतला रात्रीचा वाल वाढला आणि त्याच्यापुढं ठेवला. "बोटानं चाखा. आनि खरं सांगा, तुमाला देवीची आन हाय."

आनंदानं एक वाटी चाखली, बाजूला सारली. "ही तुजी. अळनी." दुसरी चाखली. "ही माझी. हिच्यात मिरची पन कमी हाय."

भामाला आनंद झाला, पण तो मनात नीट मावेना. "अवं, खोटं बोलत व्हतात तवा 'ग्वाड' म्हनलात. आज चव आली, तं 'खारट' म्हनताव. मी देवीला 'ग्वाड' बोललीय. मंग नवस फिटला का मोडला?"

खोटं पकडलं गेल्याचं आनंदाला आत्ता कळलं. "तुला ठावं व्हतं?"

"पयल्या दिसापासून."

"तुज्या पानातला तो पांढरा भात बघवत नव्हता गो," तो म्हणाला. "नुसता पांढरा. म्हनून बोललो."

भामानं खाली बसून त्याच्या थाळीतली तीच उरलेली फोड उचलली आणि तोंडात घातली.

जीभ पेटली. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. चार महिने अळणी खाल्लेल्या तोंडाला मिठाचा एक कणसुद्धा आगीसारखा लागला. फोड खरंच खारट होती की बेताची, गुणाबाई खरी की चंद्रावतीबाई, काहीच कळेना.

"खारट हाय ना?" आनंदानं विचारलं.

"मला कलत नाय वं," ती म्हणाली आणि हुंदके देत रडायला लागली, "मला कायपन कलत नाय."

आनंदानं तिला गप्प केलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती कधी त्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबर जेवली नव्हती. गावात कुणाचीच बायको जेवत नव्हती. त्यानं पेजेची थाळी उचलली, दोघांच्या मधे ठेवली आणि म्हणाला, "बस. आता जेव."