पालवीचा दिवस

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानामागच्या परसात, झाडाखाली ताडपत्री पांघरून उभी असलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. ती मीच. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग दुधाच्या सायीसारखा होता. आता टपावर मांजर झोपतं आणि दारांच्या कडांना गंज चढला आहे. पण रडगाणं गायला मी तुम्हाला थांबवलेलं नाही. एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आता माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

मी आधी एका डॉक्टरांकडे दहा वर्षं धावले. रात्री-अपरात्री, चिखलात, घाईघाईत. मग मास्तरांनी मला घेतलं. शिंप्याला सगळे मास्तरच म्हणतात, तसेच हेही मास्तर. त्यांच्याकडे मला कसली घाई नव्हती. कापडाचे तागे आणायचे, शिवलेले कोट पोचवायचे. आणि वर्षातून एकदा माझा सण असायचा.

थंडी ओसरू लागली की मालकीणबाई रोज सकाळी परसात येऊन वर बघत. एखाद्या दिवशी काटक्यांच्या टोकांना पहिली तांबूस पालवी दिसे. मग त्या तिथूनच ओरडत, "अहो, फुटली! काढा गाडी!" मास्तर हातातला कोट तसाच टाकत, गिऱ्हाईक कितीही बडं असलं तरी दुकानाला कुलूप लावत आणि आम्ही गावाबाहेर कालव्याच्या रस्त्याला लागत असू. चहाचा थर्मास, दोन पेले आणि माझी गोगलगायीची चाल. सायकलवाले आम्हाला मागे टाकून वळून बघायचे. एकानं तर विचारलं होतं, "ढकलू का?" मालकीणबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

वाटेत त्या एकेका झाडाचा रंग मास्तरांना सांगत. तुम्ही म्हणाल, मास्तरांना डोळे नव्हते का? डोळे होते, सुईत दोरा एका झटक्यात जायचा. पण लाल, हिरवा आणि तपकिरी हे तीन रंग त्यांना सारखेच दिसायचे. आता शिंप्याला रंग कळत नाहीत म्हटल्यावर दुकानात कोण फिरकणार? म्हणून दोरे आणि अस्तरं मालकीणबाई निवडून देत. एकदा त्या माहेरी गेल्या आणि मास्तरांनी तपकिरी कोटाला हिरव्या दोऱ्यानं काजं केली. त्या वेळेवर परतल्या म्हणून बरं. गिऱ्हाईक दारात येईपर्यंत सगळं उसवून झालं होतं. चौकातल्या दिव्यापाशीसुद्धा त्याच हळूच "चला" म्हणायच्या. पण ही गोष्ट त्यांनी या कानाची त्या कानाला कळू दिली नाही.

मग एका वर्षी मालकीणबाई अंथरुणाला खिळल्या. माडीवरच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे होती, तिथून झाड दिसत नसे. डॉक्टरांनी मास्तरांना जिन्यात गाठून सांगितलं, "फार दिवस नाहीत. त्यांना जे हवं ते करा." त्यांना हवं होतं ते एवढंच, एकदा पालवी बघायची. रोज सकाळी वरून बारीक आवाज यायचा, "अहो, फुटली का?"

मास्तर परसात यायचे, मान वर करून बराच वेळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "अजून नाही गं."

मित्रांनो, पालवी फुटली होती. तपकिरी काटक्यांवरची ती तांबूस पानं त्यांना दिसतच नव्हती. माझ्या टपावर कोवळ्या कळ्यांची टरफलं पडत होती आणि मास्तर माझ्याच दाराला टेकून नाही म्हणत होते. शेजाऱ्याला विचारलं असतं तर एका शब्दात कळलं असतं. पण विचारलं की बिंग फुटणार. जन्मभर लपवलेलं एका सकाळी कसं उघडं करायचं? तीन आठवडे असेच गेले. मी मोटार आहे, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

शेवटी झाड पानांनी इतकं दाट झालं की सावली पडू लागली. ती मात्र मास्तरांना दिसली. ते जिना धडधडत चढले. "फुटली गं, फुटली!" त्यांनी मालकीणबाईंना उचलून आणलं, पाठीशी उशी दिली आणि मला कालव्याच्या रस्त्याला घेतलं.

झाडं गर्द हिरवी होती. पानं जून झालेली, वर धूळ बसलेली. तांबूस रंग कुठे औषधालाही उरला नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, ही तर..." आणि थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. ते लहान मुलासारखे वाट बघत होते.

"काय गं? कशी आहे?"

"लाल आहे," त्या म्हणाल्या. "अगदी आजच उमलल्यासारखी. बरोब्बर दिवशी आणलंत तुम्ही."

मग पुलापर्यंत त्या सांगत राहिल्या. हे झाड तांब्याच्या भांड्यासारखं. ते पलीकडचं तुमच्या त्या जुन्या मखमलीच्या तुकड्यासारखं. मास्तर मान डोलवत होते. मालकीणबाईंनी पदरानं डोळे टिपले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं?" "धूळ गेली," त्या म्हणाल्या. नवव्या दिवशी त्या गेल्या.

त्यानंतर मास्तरांनी मला बाहेर काढलंच नाही. मध्यंतरी गॅरेजवाला मला मोडीत घ्यायला आला होता. मास्तर त्याला म्हणाले, "ही विकायची नाही. हिच्यातून नेलं होतं मी तिला. शेवटच्या वर्षीसुद्धा, पालवी फुटली त्याच दिवशी. एक दिवस चुकलो नाही." एवढं बोलून त्यांनी ताडपत्री नीट केली. माझ्या इंजिनात जीव असता तर तेव्हा मी हुंदका दिला असता.

वस्तूंची निगा राखा, असं आम्ही जुन्या वस्तू शेवटी सांगतो. माझी ताडपत्री फाटली तरी मला चालेल. पण तुम्ही कधी मास्तरांकडे माप द्यायला गेलात आणि त्यांनी टेप गळ्यात अडकवून त्या दिवसाची गोष्ट काढली, तर "हो का?" म्हणा आणि शेवटपर्यंत ऐका. झाडं हिरवी झाली होती, हे त्यांना सांगू नका.