दादाच्या मापाची खुर्ची

थोरला भाऊ तोंड वर करून दारात आला, तेव्हा धाकटी शिसवाच्या ठोकळ्यावर कानस चालवत होती.

"फर्निचरवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष झालोय," तो म्हणाला. "खुर्ची हवी. अख्ख्या गावात नसेल अशी. तुझ्याशिवाय कोण करणार?"

बघा, निर्लज्जपणालाही काही हद्द असते! याच दादानं एका सकाळी बाबांच्या कारखान्याचं कुलूप बदललं होतं. धाकटीची हत्यारं पोत्यात भरून फाटकाबाहेर ठेवली आणि तिनं घडवलेल्या खुर्च्या स्वतःच्या नावावर खपवल्या. ज्याला साग कुठला नि शिसव कुठलं हे विचारून घ्यावं लागतं, तो मालक, आणि ही रस्त्यावर. बाबा बिचारे भोळे. त्यांच्याकडून गोड बोलून सह्या घेतल्या असणार, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

"करते की," ती म्हणाली. "बस, माप घेऊ दे."

गुडघा, मांडी, पाठीचा बाक, कोपराची उंची. इतक्या निगुतीनं तिनं कुठल्याच गिऱ्हाइकाचं माप घेतलं नव्हतं. छळायचं तर नीट छळावं, त्यात कसर कशाला?

खुर्ची अशी उतरली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. पाठ आणि हात एकाच वळणात वाहत आलेले, जोड कुठे म्हणून दिसेना. फक्त मागचे दोन पाय तिनं बोटभर उंच ठेवले आणि बैठकीच्या खोलगटात तो उतार जिरवून टाकला. बसणारा हळूहळू पुढे घसरणार. सावरून बसला की पुन्हा घसरणार. तक्रार करायची सोय नाही, कारण चारचौघं खुर्चीचं कौतुक करत उभे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पॉलिश करताना धाकटी चक्क गुणगुणत होती.

मग बातम्या येऊ लागल्या. दादा सभेत चुळबुळतो. दादानं उशी घेतली. दादा डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर म्हणाले, वय झालं तुमचं. ते ऐकून धाकटीनं पुन्हा एकदा चहा टाकला.

आणि एके दुपारी वहिनीचा फोन आला. "यांच्या कमरेला काही ती मानवेना हो. खुर्ची घरी आणलीय. बाबांनी मागून घेतली. दिवसभर तिच्यातच बसतात, उठा म्हटलं तर ऐकत नाहीत. माझ्या लेकीनं केलीय म्हणतात."

बाबांचे गुडघे आधीच कामातून गेलेले. करवत पिशवीत टाकून ती तशीच धावत सुटली.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. तळवे जमिनीला घट्ट रोवलेले, मांड्या थरथरत होत्या.

"उठा बाबा. मागचे पाय थोडे कापायचेत," तिनं करवत बाहेर काढली.

"बोटभर ना?" बाबा म्हणाले.

धाकटीनं करवत खाली टेकवली.

"अगं, हात फिरवला तेव्हाच कळलं. काय बेमालूम लपवलंयस! मला जमलं नसतं."

"कळलं होतं, तर बसता कशाला?"

"दादाला उगाच छळलंस. त्यानं कारखाना मागितलाच नव्हता. मी त्याच्या गळ्यात मारला. कुलूपसुद्धा मीच बदलायला लावलं." बाबा तिच्याकडे बघत नव्हते. "गिऱ्हाईक माझ्या तोंडावर विचारायचं, धाकटीनं केलेली खुर्ची कुठली? रोज. ज्या हाताला मी पटाशी धरायला शिकवली, तो माझ्यापुढे गेला. नाही सोसलं मला. माप माझं घ्यायला हवं होतंस."

बोलता बोलता ते पुढे घसरले. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, कण्हत, परत मागे सरकले.

मागचे पाय कापायला फार तर घटकाभर लागली असती. धाकटीला रडू फुटलं. हमसाहमशी रडली ती, अगदी लहानपणी रडायची तशी. बाबांनी हात पुढे केला. तो तिनं धरला नाही. पदरानं नाक पुसलं आणि करवत पिशवीत ठेवली.

"मग बसा," ती म्हणाली.