बर्मंडसीचा वास

एफी रडकिननं प्रार्थनेसाठी चॅपलला जाणं सोडलं, ही बातमी बेरिलला आईकडून नाही, शेजारच्या क्वीनीमावशीकडून कळली. नाताळ झाल्यापासून एकाही रविवारी आईनं तिथं तोंड दाखवलं नव्हतं म्हणे. ज्या बाईनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा चॅपलची गाणी चुकवली नाहीत, तिला असं अचानक काय झालं? बेरिलच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

खरं तर ती आली होती आईला घेऊन जायला. लंडनबाहेर एसेक्समधल्या नव्या वसाहतीत तिचं घर होतं, मागं हिरवळ होती, आणि नवऱ्यानं सासूसाठी खालची खोली फिकट निळी रंगवून ठेवली होती. एफी हो म्हणत नव्हती आणि धड नाहीही म्हणत नव्हती. ती आपली विषय बदलायची.

विषय बदलायला तिची वस्ती, बर्मंडसी, होतीच. दोन वर्षांपूर्वी सरकारनं लंडनमधल्या छोट्या नगरपालिका एकमेकींत कोंबल्या. बर्मंडसी गेली शेजारच्या सदर्कच्या पोटात, आणि टाऊन हॉलवरची पाटी उतरली. एफीच्या लेखी मात्र काहीच घडलेलं नव्हतं. आमच्या नगरपालिकेनं गल्लीगल्लीत झाडं लावली, ती ऐकवायची, कारखान्यांच्या भिंतींखाली डेलिया फुलवले, क्षयाच्या पोरांना खास दिव्याखाली बसवून कृत्रिम ऊन दिलं. सदर्कनं काय दिलं? नवीन कचऱ्याचे डबे. बेरिल हे सगळं लहानपणापासून ऐकत आलेली. तिनं कपाळाला हात लावला आणि चहा ओतायला उठली. पण आईनं किटली तिच्या हातातून काढून घेतली, कपाच्या कडेवरून एक बोट आत सोडलं आणि चहा त्या बोटापर्यंत ओतला. हे खूळ नवीन होतं.

रविवारी का जात नाहीस, असं विचारल्यावर आधी गुडघे दुखत होते. मग नवे पाद्रीबाबा फार लांबण लावतात असं झालं. शनिवारी सकाळी मात्र तेच गुडघे पिशवी घेऊन तुरुतुरु बाजाराला निघाले. बारा वाजायच्या आत परत यायचंय, एवढंच एफी म्हणाली. का, ते सांगितलं नाही. बेरिलला राहवेना. ती हळूच मागं निघाली.

बर्मंडसीला लंडनचं फडताळ म्हणायचे ते उगीच नाही. रडकिनांच्या गल्लीच्या तोंडाशी जॅम शिजायचा, पुढच्या वळणावर बिस्किटं भाजली जायची, चॅपलच्या रस्त्यावर व्हिनेगर डोळ्यांत जायचं, आणि या सगळ्यांच्या वर चामडं कमावण्याचा तो दर्प, ज्याच्यापायी बेरिलला शाळेच्या सहलीत दुसऱ्या शाळांच्या पोरी नाक धरून चिडवायच्या. अजूनही तिला त्याची शिसारी यायची. आई मात्र प्रत्येक वळणावर थांबून हनुवटी वर करत होती, एखाद्या गर्विष्ठ उमरावाच्या बायकोसारखी, आणि मग ठाम पावलांनी वळत होती. भाजीवाल्याशी तिनं हुज्जत घातली, बटाटे दाबून पाहिले, आणि कारखान्यांचे शनिवारच्या अर्ध्या सुट्टीचे भोंगे वाजायच्या आत घरी परतली. म्हातारी ठणठणीत आहे, बेरिलला वाटलं. मग नुसत्या रविवारीच काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी बेरिलनं हट्टच धरला. आईला कोट चढवला, टोपी घातली, आणि दारात आल्यावर म्हणाली, "तू हो पुढं, मी हातमोजे विसरले."

एफी क्षणभर उंबऱ्यावर उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण लेकीसमोर माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. ती भिंतीला धरून निघाली. बेरिल दाराआडून बघत होती.

कोपऱ्यावर एफीनं हनुवटी वर केली. वळली. परत मागं वळली. पुन्हा नाक वर केलं, आणि मग रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिली, दोन्ही हात जरासे पुढं करून. रस्ता रिकामा होता. जॅमच्या कारखान्याचं फाटक बंद, धुराडी थंड. बेरिलनं श्वास घेतला आणि तिला पहिल्यांदाच जाणवलं की आज बर्मंडसीला कसलाच वास नाही.

ती धावतच गेली. "आई, तुला दिसत नाही?"

"ओरडू नकोस. क्वीनीला ऐकू जाईल." एफीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "काचबिंदू आहे. उजेड-अंधार कळतो थोडा. बाकी गेलं ते गेलं, असं डॉक्टर म्हणाले."

"आणि तू एकटी बाजाराला जातेस?"

"एकटी कुठं? जॅमपाशी डावीकडे, बिस्किटांपाशी सरळ. घरी येताना चामडं सगळ्यात उग्र झालं की आपलं दार. सोमवार ते शनिवार दुपार काही अडत नाही बघ."

बेरिलला रडू फुटलं. इतके महिने ही बाई अशी वावरली आणि आपल्याला पत्ता नाही, याचा तिला संताप आला, आणि भीतीही वाटली. आता तर तिला इथं ठेवणं शक्यच नाही, असं ती बोलून गेली. निळी खोली, हिरवळ, सगळं पुन्हा सांगितलं.

एफीनं ऐकून घेतलं. या वेळी विषय बदलला नाही.

"तुमच्याकडे वास कसला येतो गं?"

 वसाहतीत राहायला गेल्यापासून बेरिलनं ज्याला त्याला हेच कौतुकानं सांगितलं होतं, की तिकडे हवा अशी स्वच्छ, की नाकाला काही म्हणजे काही लागत नाही. आईशी खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"कसलाच नाही," ती म्हणाली.

"हं," एफी म्हणाली. "म्हणजे तुमच्याकडे रोजच रविवार."

 चॅपलमधून पहिल्या गाण्याचे सूर यायला लागले. बेरिलनं डोळे पुसले, आईची टोपी सरळ केली आणि तिचा हात आपल्या दंडात अडकवला.

"चल, उशीर झालाय," ती म्हणाली. "मी दर शनिवारी येत जाईन. रविवारी तुला चॅपलला न्यायचं माझ्याकडे लागलं."