दुखणं घेणारं बदक

रविवार उजाडला की जुन्या लोकरीच्या गोदामाकडे माणसांची रीघ लागायची. कुणी लंगडत, कुणी कुणाच्या खांद्यावर भार टाकून, कुणी नुसतीच गंमत बघायला. पण निम्म्यांच्या हातात टोपली, टोपलीवर फडकं, आणि फडक्याखाली चिवचिवणारं बदकाचं पिल्लू. आत भिंतभर खिळे ठोकलेले. खिळ्यांना काठ्या, कुबड्या, कमरेचे पट्टे टांगलेले. त्यांच्या खाली पांढऱ्या पायघोळ झग्यात बदकबुवा बसायचे. आवाज लोण्यासारखा, नजर मात्र कोपऱ्यातल्या दानपेटीवर.

"तुझा भोग, माझा योग, पाखरा घे याचा रोग!" बुवांनी हाळी दिली आणि इस्त्रीवाल्या मावशींच्या टोपलीतलं पिल्लू दोन्ही हातांनी वर धरलं. पिल्लाचे पाय भिजलेल्या दोऱ्यांसारखे लोंबत होते. "बघा, बघा! काल धावत होतं, आज पाय गेले. घेतलं! या मुक्या जिवानं मावशींचं दुखणं घेतलं!"

गोदाम टाळ्यांनी घुमलं. मावशींचे डोळे भरून आले. "हलकं वाटतंय खरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

उठताना त्यांनी कमरेवर हात ठेवला होता. सगळ्या गोदामात तो हात फक्त पाववाल्याच्या बायकोला दिसला.

तिला असलंच काही दिसायचं. दुधावरची साय बघून ती आधी खाली पाणी किती ते विचारायची. घरात तिचं नाव पडलं होतं संशयबाई. या रविवारी मात्र तिला आपल्या संशयाचीच भीती वाटत होती, कारण तिच्या शेजारी तिची लेक बसली होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. मोठा ताप येऊन गेला आणि भिंगरीचा डावा पाय सुकलेल्या फांदीसारखा झाला. हाडांच्या डॉक्टरांनी लोखंडी पट्ट्यांचा, कातडी बंदांचा आधार दिला होता. "वाढतं वय आहे. दिवसभर घालायचा, रोज व्यायाम करायचा. आत्ता सोडला तर पाय कायमचा वाकडा होईल," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं.

त्या रविवारी बुवांनी भिंगरीसाठी पिल्लू दिलं तेव्हा निराळंच सांगितलं. "पाखराचे पाय गेले की पोरीचे आले म्हणून समज. त्या रविवारी पाखरू आणि आधार, दोन्ही इथं आणून ठेव." शिवाय पथ्य होतंच: पिल्लाला दुधात भिजवलेला पांढरा पाव, दुसरं काही नाही. पाणी वाटीभर. अंगण, गवत, चिखल बंद. जोडीला दुसरं पिल्लू नको.

सगळी वस्ती पिल्लांसाठी पाव नेऊ लागली आणि पाववाल्याची भट्टी थंड होईना. त्याला वाटे, बुवांची कृपा.

"अहो, पाखराला चिखलात का सोडायचं नाही?" कणकेचा गोळा आपटत तिनं विचारलं.

"चिखलात दुखणं गळून पडतं म्हणे."

"पडलं तर बरंच की! आपल्याला काय ते जपून ठेवायचंय?"

"तू ना," पाववाला वैतागला, "देवानं वरून हात दिला तरी आधी त्याची नखं तपासशील."

भिंगरीनं पिल्लाचं नाव ठेवलं पिठ्या, कारण ते पहिल्याच दिवशी पिठाच्या परातीत लोळलं होतं. ती जाईल तिकडे ते तुरुतुरु मागे. तिच्या आधाराची कडी खटखट वाजली की हे चिवचिव करायचं. टोपलीशी बसून ती त्याला रचून रचून गाणी म्हणायची:

"चोच माझी बुडू दे, पाणी माझं उडू दे,
चिखलाच्या ताटात मला गांडूळ सापडू दे."

एका सकाळी कडी वाजली, पण पिठ्या उठला नाही. उठायला गेला आणि पंखांवर कोसळला. पायांचे सांधे सुजून बोराएवढे झाले होते. पाववाला आनंदानं ओरडला, "घेतलं! अगं, घेतलं त्यानं!"

भिंगरी मात्र भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"काय झालं गं बाळा?"

"मी दिलं ना आई, त्याला? माझं दुखणं मीच दिलं. मला नाही बरं व्हायचं. त्याचे पाय त्याला परत दे."

आईनं पोरीला कुशीत घेतलं. हात सहज डाव्या पायावरून फिरला. पाय होता तसाच होता, बारीक आणि गार. मग यानं घेतलं म्हणजे घेतलं तरी काय?

समोरच्या शिंप्याकडे ती कापडाचं निमित्त करून गेली. त्याचं बदक दुकानामागच्या ओल्या जागेत गोगलगाई टिपत हुंदडत होतं. पाय खांबासारखे.

"शिंपीकाका, हे बाहेर कसं?"

शिंप्यानं दोरा दातात धरला, इकडेतिकडे बघितलं. "वहिनी, बुवांना सांगू नका हां. कोंडलं की इतकं कोकलतं, मला शिलाई सुचत नाही. पहिल्या दिवसापासून मोकळंच आहे."

"आणि तुमचा गुडघा?"

"ठणठणीत! बुवांची कृपा."

"अहो, पण बदक तर पळतंय. मग गुडघ्याचं दुखणं घेतलं कुणी?"

शिंप्याची सुई थांबली. त्यानं दुकानातल्या मशीनकडे बघितलं. पायानं चालवायचं जुनं मशीन भंगारात गेलं होतं, विजेवरचं नवं आलं होतं. "आता... पाय हलवावा लागत नाही खरा," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी गोदामात पाव पोचवायला ती स्वतः गेली. पुढचं दार बंद, म्हणून मागून वळली, आणि वळली तिथंच उभी राहिली. मागच्या अंगणात बुवांची मोठी बदकं होती. त्यांच्याच अंड्यांतून ही सगळी पिल्लं निघायची. कोरडा पेंढा, मान बुडेल एवढा पाण्याचा टब, लांबट भांड्यात दाणा आणि वर हिरवेगार वाटाणे. एकही बदक बसलेलं नव्हतं. पावाचा तुकडा तर औषधालाही नव्हता.

'स्वतःच्यांना वाटाणे आणि आमच्यांना पाव?' ती तशीच घरी गेली आणि पिठ्याची टोपली काखेत मारून गुरांच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी पिठ्याचे सांधे चाचपले. "खायला काय घालता?"

"पाव."

"आणि?"

"पावच."

"बाई, हे बदक आहे, पाहुणा नाही चहाला आलेला! पाखराला चावायला दात नसतात म्हणून काहीही खपतं असं नाही." मग त्यांचा आवाज निवळला. "बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर लागतं, कोंबडीच्या पिल्लापेक्षाही जास्त. नुसत्या पावावर ते पुरेसं मिळत नाही. मग सांधे सुजतात, पाय वाकतात, पिल्लू बसतं. मोकळं सोडलं असतं तर किडेमुंग्या, पाला खाऊन त्यानं थोडंफार भागवलं असतं."

"म्हणून चिखल बंद!" ती एकदम बोलली. "डॉक्टर, आमच्या घरी पाव फुगवायचं खमीर पडलेलं असतं. त्यातून मिळेल ते जीवनसत्त्व?"

"ते नको, पोटात फुगेल. ही नायसिनची पूड पाण्यात घाला. पिल्लांचा दाणा द्या, वाटाणे कुस्करून द्या. डोकं बुडेल एवढं पाणी ठेवा, नाकपुड्या धुवायला लागतं त्याला. आणि एकटं ठेवू नका, जीव लावणारी जात आहे ती. वेळेत आणलंत. उशीर झाला की पाय परत येत नाहीत."

रविवार यायच्या आत पिठ्या उभा राहिला. आधी डगमगत, मग तुरुतुरु. भिंगरी हसली आणि पाववाल्याचा चेहरा पडला.

"काय केलंस हे? आता दुखणं पोरीकडे परत येणार! चल, बुवांच्या पायावर घालू तिला. आधार घे बरोबर."

"येते," ती म्हणाली. "शिंपीकाकांनाही घेते. आणि गुरांच्या डॉक्टरांनाही."

गोदाम गच्च भरलं होतं. पाववाल्याच्या एका हातात लेकीचा हात, दुसऱ्या हातात तिचा आधार. आधारासाठी भिंतीवर नवा खिळा ठोकून तयार. आधाराविना भिंगरी वडिलांना धरून एकेक पाऊल टाकत होती, आणि मागून पिठ्या ऐटीत चालत होता.

बुवांनी पिल्लू बघितलं. क्षणभर लोणी गोठलं, मग पुन्हा वितळलं. "अरेरे! पथ्य मोडलं. पोरी, दोन पावलं चाल बघू."

भिंगरी चालली. पाय दुमडला, आईनं सावरलं.

"बघा!" बुवा गरजले. "पाखराचे पाय आले, पोरीचे गेले! आईच्या संशयानं लेकीचा घात केला!"

गर्दी खवळली. "लाज वाटायला हवी!" मागून कुणीतरी ओरडलं. पाववाल्याची बायको भिंगरीसमोरून हलली नाही.

"पाय गेले म्हणता, बुवा. ते आले कधी होते? पाखरू बसलं होतं तेव्हाही आधार काढला की माझी पोर अशीच चालत होती. शिंपीकाका, उठा. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," शिंपी चाचरला. "पण बदक पहिल्यापासून पळतंय. घेतलं-बितलं काही नाही त्यानं."

"मावशी, तुमच्या पिल्लाचे पाय तर गेले. कंबर?"

इस्त्रीवाल्या मावशींनी पदराशी चाळा केला. "खोटं कशाला बोलू? तशीच आहे गं. एवढ्या लोकांत सांगायची लाज वाटली."

"म्हणजे एकाचं बदक धडधाकट आणि माणूसही धडधाकट. दुसऱ्याचं बदक बसलं आणि माणूसही बसलं. मग देवाणघेवाण झाली कुठं? डॉक्टर, पाव खाऊन काय होतं ते सांगा यांना."

डॉक्टरांनी दवाखान्यातलं सगळं थोडक्यात सांगितलं. मग तिनं मागच्या दाराची कडी काढली. ऊन आत आलं, आणि उन्हापाठोपाठ बुवांची धष्टपुष्ट बदकं, चोचीला वाटाण्याची सालं चिकटलेली.

मग इस्त्रीवाल्या मावशी पुढे झाल्या. "बुवा, माझं पिल्लू कुठाय?"

बुवांनी झगा आवरला. "ते... मुक्त झालं."

"मेलं म्हणा की!" मावशी म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

माणसं आपापल्या काठ्या, पट्टे शोधत भिंतीशी लोटली. त्या गडबडीत बुवा दानपेटी उचलून निघाले, पण शिंप्यानं पेटीचं दुसरं टोक धरलं आणि सोडलं नाही.

पाववाला लेकीसमोर गुडघे टेकून बसला होता. मैदा मळणाऱ्या त्याच्या हातांना कातडी बंद सापडत नव्हता.

"बाबा, घट्ट नको हं. टोचतो तो."

"नाही गं राणी. मला माहीत नाही कसा लावायचा. कधी लावलाच नाही मी. तू सांग, मी लावतो."

भिंगरीचा पाय त्या दिवशी बरा झाला नाही, त्या महिन्यातही नाही. तो आधारानं, व्यायामानं, रोजच्या कंटाळ्यानं सरळ होत चालला आहे, अगदी हळूहळू. बसलेल्या पिल्लांतली काही उठली, काहींना उशीर झाला होता, ती तशीच राहिली. हेही सांगायला हवं, कारण भोंदू माणूस फक्त उठलेल्यांची गोष्ट सांगतो.

म्हणून मायबापहो, कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी थोडं थांबा. ज्याचं काहीच झालं नाही त्याला शोधा, त्याला बोलतं करा. पथ्य सांगितलं तर ते कशासाठी हे विचारा, आणि विचारल्यावर राग येणाऱ्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका. लेकराचं औषध बंद करायला सांगणारा कितीही गोड बोलला तरी त्याला दार दाखवा. आणि घरी पाखरू असेल तर त्याला त्याचं खाणं द्या, त्याचं पाणी द्या, सोबतीला आणखी एक पाखरू द्या. आपलं दुखणं मात्र डॉक्टरकडे न्या. ते बिचाऱ्या बदकाला कळतही नाही.